आजारी बाईने मोटार चालवू नये

आमच्या गल्लीत माणूस आजारी पडला की त्याने खाटेवर आडवंच पडलं पाहिजे. भेटायला आलेल्यांना तो कण्हताना दिसला पाहिजे. उठून बसला, हसला, तर आणलेली केळी फुकट गेल्यासारखा त्यांना राग येतो. हे मला आधी कळलं असतं तर मी दाराला आतून कडीच घातली असती.

माझ्या सासूला लकवा मारला तो ऐन मिरचीच्या हंगामात. नंदुरबारच्या माणसाला पथारी काय ते सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. गावाबाहेरच्या मैदानांत लाल मिरची वाळत घालतात आणि बाया रांगेने बसून तिचे देठ खुडतात. नाकाला पदर, डोळ्यांना पाणी, हाताची आग, आणि तोंड मात्र अखंड चालू. सासू त्यातलीच. नवरा गेल्यावर अंगठा आणि पहिलं बोट, एवढ्या दोन बोटांवर तिने एक लेक आणि एक लेकरू वाढवलं. लेक शहाद्याला दिली, लेकरू माझ्या पदरात पडलं.

लकव्याने उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला. बोलणं आलं, ते तर जरा जास्तच आलं. हात तेवढा लोंबत राहिला. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं, "मावशी, हे पहिले महिनेच काय ते. आता बोटं हलवाल तर येतील. नाहीतर आखडून बसतील, मग मी काही करू शकणार नाही." आणि दाबायला एक स्पंजचा चेंडू दिला. घरी आल्यावर सासूने तो डाव्या हाताने शेजारच्या मांजरीला मारला. "मी काय तान्हं पोर शे का?" म्हणाली.

तिला एकच हवं होतं. आपल्या हाताने भाकरी मोडून खायची. मी घास भरवायचे तेव्हा ती डोळे मिटून घ्यायची. मला आधी वाटलं गुंगी आहे. गुंगी कसली, लाज होती ती. ज्या बाईने जन्मात कुणापुढे हात पसरला नाही तिने सुनेपुढे तोंड उघडायचं.

आता डब्यांबद्दल सांगते. नवरा सुरतेला टेम्पो मारतो. तिथल्या भंगारवाल्याकडून त्याने एकदा गोणीभर काळे डबे आणले. थिन क्लायंट म्हणतात त्यांना. मोठ्या ऑफिसात टेबलाटेबलावर असतात. त्यांच्या पोटात स्वतःचं असं फारसं काही नसतं, सगळं काम कुठल्यातरी खोलीतला मोठा कॉम्प्युटर करतो आणि हे नुसते त्याचा पडदा दाखवतात. ऑफिसने नवीन घेतले की जुने किलोच्या भावाने निघतात. नवरा म्हणाला, "तू आयटीआय केलंयस ना? बघ काही होतं का." लग्न झाल्यापासून माझं आयटीआय त्याला पहिल्यांदा आठवलं.

झालं. का नाही होणार? डबा उघडायचा, बोर्डावरची दोन टोकं जोडून आधीच्या साहेबांचा पासवर्ड उडवायचा, मेमरी वाढवायची, साठवणीला छोटीशी एसएसडी बसवायची आणि त्यात विंडोजऐवजी फुकटातली लिनक्स घालायची. आत पंखा नाही, आवाज नाही, वीज दिव्याइतकी खातो. घरातल्या टीव्हीला जोडला की झाला कॉम्प्युटर. बँकेचे फॉर्म भरा, पोरांचा अभ्यास करा, जुने गेम खेळा. असे डबे मी विकायला लागले. गिऱ्हाईक बघून आधी तोंड वाकडं करायचं, "हा तर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आहे." मी म्हणायचे, "मग जा, मोठा घ्या, त्यात जेवण पण बनत असेल." गेमवाली पोरं यायची, त्यांना आज निघालेला गेम आजच हवा. तो ह्यात चालत नाही म्हटलं की मलाच शिकवायची. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे गेम मात्र लोण्यासारखे चालायचे.

असाच एक डबा मी घरच्या टीव्हीला लावून त्यात ट्रक पळवायचा गेम तपासत होते. गिऱ्हाइकाला सोबत गेमचं रिमोटही हवं होतं, ते दोन हातांत धरायचं. त्यात मागच्या बाजूला पहिल्या बोटाला एक खटका असतो आणि वर अंगठ्याला एक दांडी. खटका दाबला की ट्रक पळतो, दांडी हलवली की वळतो. माझे हात पिठात. सासूला म्हटलं, "आत्या, तो मागचा खटका दाबा बरं, चालतो का बघू." तिने डाव्या हाताने दाबला. ट्रक धूम सुटला आणि पुलावरून खाली. सासू हसली. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा. मी पिठाच्याच हाताने तिच्या उजव्या हातात ते रिमोट दिलं, बोट खटक्यावर ठेवलं आणि सुती चिंधीने बांधलं.

त्या दिवशी ट्रक जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी हलला, तेव्हा तो डबा मी घरीच ठेवला आणि गिऱ्हाइकाला दुसरा दिला. मग काय विचारता! चेंडू फेकणारी बाई सकाळी चहा संपायच्या आत "लाव" म्हणायला लागली. ज्या बाईने सायकल चालवली नाही ती हायवेने ट्रक पळवत होती आणि समोरच्या गाड्यांना शिव्या घालत होती. "सरक ना रे मेल्या, रस्ता तुन्हा बापना शे का?" मी माहेरची नवापूरकडची, अहिराणी मी लग्नानंतर शिकले, पण त्यातल्या निम्म्या शिव्या मला ह्या ट्रकने शिकवल्या. चिंधी सुटली. बोट आपलं आपण खटका ओढायला लागलं. अंगठा आळशी, पण तोही दांडीला टेकून थरथरायचा. एका दुपारी सासूच्या नाकाला खाज आली आणि तिने ती उजव्या हाताने खाजवली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "काय करता ते करत राहा. एक दिवस सोडू नका."

आणि इथे गल्लीच्या पोटात दुखायला लागलं.

भेटायला येणाऱ्यांत पहिला नंबर माझ्या चुलतसासूचा. समोरच राहते. रोज येणार, चहा घेणार आणि लकव्याने कोण कोण गेलं ते सासूला ऐकवणार. तिला आपल्या जावेची पाठ दिसायला लागली, कारण जाऊ टीव्हीकडे तोंड करून ट्रक चालवत होती. "आम्ही भेटाले उनूत नि हाई मोटार चालाडी ऱ्हायनी!" म्हणाली. सासू म्हणाली, "थांब, पूल येल शे." पूल पार होईपर्यंत चहा गार झाला आणि चुलतसासू उठून गेली ती सरळ गल्लीभर फिरली. संध्याकाळपर्यंत बातमी अशी झाली की सुनेला सेवा करायचा कंटाळा, म्हणून तिने म्हातारीला डबा लावून दिला आणि स्वतः धंदा करत हिंडते.

अहो, सेवा! तिचं हगणं-मुतणं कोण काढत होतं? गल्ली? रात्री पाय चेपायला चुलतसासू येत होती? माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण नवरा म्हणायचा, "बोलू दे, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार." त्याचं काय जात होतं? त्याला कुणी आळशी सून म्हणत नव्हतं. नळावर गेले की बाया गप्प व्हायच्या. किराणा दुकानात एकीने तर तोंडावर विचारलं, "काय वं, सासू पास व्हयनी का गेममा?" मी उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

नणंद शहाद्याहून आली, डब्याकडे बघून नाक मुरडलं आणि गेली. मी म्हटलं, जा. सासू ह्या सगळ्यावर काही बोलायची नाही. मला वाटायचं तिला ऐकूच येत नाही, ट्रकच्या आवाजात.

एक दिवस एका गिऱ्हाइकाकडे त्याचा डबा पोचवून संध्याकाळी परत आले तर टीव्हीखालची जागा रिकामी. वायर लोंबतेय. सासू भिंतीकडे तोंड करून आडवी. "डबा कुठंय?" तर म्हणाली, "पोरी लई गयी." पोरगी म्हणजे माझी नणंद. मी तिथूनच फोन लावला. मागे तिच्या पोरांची बोंबाबोंब आणि त्याच ट्रकचा आवाज. आयत्या बिळावर नागोबा! मी तिला काय काय बोलले ते आठवून आजही मला बरं वाटतं. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "वहिनी, मी आणला नाही. आईनेच मला बोलावून घेतलं आणि माझ्या हातात दिला. विचार तिला."

विचारलं. ती भिंतीकडेच बघत होती. मी तिला खांद्याला धरून वळवलं. मग म्हणाली, "लोके तुले नावं ठेवतस. मन्हा हात तं गयाच व्हता."

काय करावं अशा बाईला? रडावं की बडवावं? मी ओरडले, "तुम्हाला कुणी सांगितलं माझं नाव सांभाळायला? मी मागितलं होतं?" गोणीत अजून तयार डबे होते, एक जादा रिमोटही होतं. मी तिथल्या तिथे दुसरा आणून लावला, रिमोट तिच्या हातात कोंबलं. तिने हात सैल सोडला. रिमोट फरशीवर पडलं. दुसऱ्या दिवशी देऊन बघितलं, तिसऱ्या दिवशी देऊन बघितलं. नाही म्हणजे नाही. हट्टी! मिरचीची जात!

मग सगळं गल्लीच्या मनासारखं झालं. सासू आडवी, मी उशाशी, हातात ताट. येणारे समाधानाने बसायचे, चहा प्यायचे. चुलतसासू म्हणायची, आता कसं आजारी माणसाचं घर वाटतं. आणि रोज मी तिचा हात धुताना बघत होते, पहिलं बोट पुन्हा वाकायला लागलं होतं आणि अंगठा तळव्यात शिरत चालला होता. उघडायला गेलं की तिला दुखायचं. मॅडमचं वाक्य माझ्या कानात घण घालत होतं आणि मी घास भरवत होते.

असेच एकदा पाच-सहाजण बसलेले. मी भाकरी मोडून दुधात कुस्करली आणि घास पुढे केला. चुलतसासू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सून ऱ्हावो तं अशी!" सगळ्यांनी माना हलवल्या. आणि सासूने, तोंडात घास असताना, माझ्याकडे असं काही बघितलं की जणू मला सोन्याची पाटली केली. किती खुश होती बाई!

माझ्यातलं काहीतरी तुटलं. मी ताट आपटलं. दूध भिंतीवर उडालं. म्हटलं, "हो, आहे मी आळशी! मला सेवेचा कंटाळा आलाय! भरवणार नाही मी हिला! हिचा हात येत होता, तो तुमच्या जिभांनी खाल्ला. उठा. चहा बंद, भेटणं बंद. ती केळीसुद्धा घेऊन जा!" चुलतसासू "अवं माय" म्हणत उठली. मी तिची चप्पल दाराबाहेर टाकली. हो, टाकली. विचार करून नाही केलं, राग आला म्हणून केलं. नवरा टेम्पो लावून आत येत होता, तो उंबऱ्यातच थांबला.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीत माझं नाव कैदाशीण. नळावर बाया आता गप्प होत नव्हत्या, मोठ्याने बोलत होत्या. सासरच्या भावकीत निरोप गेले. माझ्या आईचा नवापूरहून फोन आला, की काय केलंस गं हे. सासूही माझ्याशी बोलेना. ताट तिच्यापुढे ठेवायचे, ती डाव्या हाताने चिवडायची.

मग एका सकाळी मी केर काढत होते आणि ती मागून म्हणाली, "आते तं तुन्हं नाव बी गयं. लाव मंग तो डबा."

लावला. शिव्या पुन्हा सुरू झाल्या. पहिलं बोट रागावलं नव्हतं, ते महिन्याभरात कामाला लागलं. ती उजव्या हाताने डाळभात खाते आता, चार बोटांनी, सांडत सांडत. अंगठा नाही आला. मॅडमनी तो धरून बघितला आणि विचारलं, "मध्ये सोडलं होतं का?" सासू छताकडे बघत बसली. मी हो म्हटलं. भाकरी मीच मोडते आणि तिच्या ताटात टाकते. त्यावरून आमची रोज वादावादी होते, कारण तिला तुकडे मोठे लागतात.

परवा नळावर चुलतसासू कुणाला तरी सांगत होती. म्हातारीचा अंगठा त्या डब्यानेच गेला म्हणे. सुनेने गेम खेळायला लावून लावून आखडवला.