त्रास काहीच नाही

मशीनमधली कॉफी करपल्याचा वास आला की मला अमेरिकेतल्या पार्सिपनी गावातल्या एका चर्चचं तळघर आठवतं. मला नवऱ्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून तिथं दुभाषी म्हणून जायचे. त्या दिवशी नेपाळमधल्या लढाईतून पळून आलेली एक बाई होती. आश्रयाची केस चालू असेपर्यंत सरकार तिला ना घर देणार होतं, ना पैसे. चर्चकडे एकच खोली होती, तीही कुठेच आसरा नसलेल्यासाठी. ज्यांच्याकडे राहते त्या ओळखीच्यांनी शनिवारपर्यंत निघायला सांगितलंय, असं ती मला गाडीत रडत म्हणाली होती. चर्चमधल्या गोऱ्या आजींनी विचारलं, "राहायला जागा आहे?" बाई शाल सावरून हसली. "आहे ना. चांगलं ठेवतात. त्रास काहीच नाही." मी ते इंग्रजीत सांगितलं आणि आजींनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, खरं सांगा ना!" मी हिंदीत जवळजवळ ओरडलेच. ती पुटपुटली, "ज्यांच्या घरी जेवले, त्यांची तक्रार परक्यांपुढे कशी करू?" मी तेही इंग्रजीत सांगून टाकलं. आजींनी ड्रॉवरमधून त्या खोलीची किल्ली काढली. आजही कुणी हसून "त्रास काहीच नाही" म्हणालं, की मला खुर्चीत बसवत नाही.