शेजारच्या कबरी

कपाट आवरताना सौदीतल्या जुबैलच्या खोलीतला आम्हा आठ जणांचा फोटो हाती लागला आणि कंपनीतला अमेरिकन इंजिनियर आठवला. परदेशी लोकांच्या जागी सौदी माणसं घ्यायची, त्या सौदीकरणात आम्हा दोघांच्याही जागा जाणार हे ठरलं होतं, पण त्याला चिंता वेगळीच. त्याचे पणजोबा आयर्लंडहून अमेरिकेतल्या एका खेड्यात शेती करायला आलेले. कबरीवर नुसतं नाव, मूळ गाव कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही. जेवणाच्या सुट्टीत हा आयर्लंडच्या चर्चना पत्रं लिहीत बसायचा आणि नकार आला की पुढचं पत्र काढायचा. "गाव सापडल्याशिवाय सोडणार नाही," म्हणायचा. एकदा मी म्हटलं, "साहेब, आमच्या खोलीत आठ जण, आठही रत्नागिरीकडच्या एकाच गावचे. परक्या मुलखात माणूस गाववाल्यांना धरूनच राहतो. पणजोबांचं राहू द्या, शेजारच्या कबरी वाचा." तो जेवता जेवता थांबला. पुढच्या वार्षिक सुट्टीत अमेरिकेला गेल्यावर त्यानं त्या खेड्यातलं अख्खं कब्रस्तान वहीत उतरवलं. तिसऱ्या शेजाऱ्याच्या दगडावर गाव कोरलेलं होतं, आणि त्याच गावच्या चर्चमध्ये पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद निघाली. माझा मुलगा आता कॅनडात असतो, नातवंडांना मराठी वाचता येत नाही. मी फोटो उलटा केला आणि मागे इंग्रजीत आठही जणांची नावं लिहिली. प्रत्येक नावापुढे तेच गाव, आठ वेळा.