बा देवा म्हाराजा, बॉल बास्केटात पडांदे!

आमच्या बास्केटबॉल टीमचे किस्से म्हणजे सुक्या जवळ्याचा डबा! एकदा झाकण उघडलं की चार घरांना कळतं. टीममधल्या आम्ही दोघीजणी जरी एकत्र बसलो, तरी आमचे यजमान चपला शोधायला लागतात. "तुमचं चालू दे, मी बाजारात जाऊन येतो!" जाऊ देत त्यांना. तुम्ही बसा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मालवणकडच्या आमच्या कॉलेजात पहिल्यांदाच मुलींची बास्केटबॉल टीम निघाली होती. कॅप्टन शालन. तिचे वडील भिकाजीकाका मासेमारी करायचे. स्वतःची होडी, तोंड फटकळ, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस दचकेल!

शालनला मुंबईचं एक स्थळ सांगून आलं होतं. काकांनी पाहुण्यांना शब्दच देऊन टाकला, "शिमगो झालो की चेडू बघूक येवा." चेडू म्हणजे मुलगी, आमची शालनच! आणि तिला बजावलं, "तवसर काय तो बॉल खेळ. मगे बस!"

आम्ही बाकीच्या तास बुडवायला मिळतो म्हणून खेळायचो. शालनचा मात्र त्या खेळावर जीव होता हो. शिमग्याचं नुसतं नाव निघालं तरी ती बॉल उचलून मैदानावर पळायची.

*

आमचे कोच मोरे सर. घाटावरचे, हाडाचे कबड्डीवाले! बास्केटबॉल कॉलेजने त्यांच्या गळ्यात मारला होता.

पहिलीच मॅच. समोरची एक उंच मुलगी बॉल घेऊन सुसाट निघाली. आमच्या मंगलने सूर मारला आणि तिचा घोटाच धरला! दोघी आडव्या. रेफरी शिट्टी फुंकून फुंकून लालबुंद झाला, आणि आमचे सर बाहेरून ओरडतायत, "सोडू नको मंगल! तिचा हात रेषेला लागेल!"

मंगलला रेफरीने बाहेर काढलं. ती रडत रडत आली, तर सर तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "रडतीस काय? पकड झकास होती!"

*

हाफपँटवरून तर केवढं महाभारत! प्रिन्सिपॉलसाहेबांनी पालकांना बोलावलं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "मुलींचे गुडघे दिसणार. आमच्या घराण्यात हे चालायचं नाही."

शालनची आई बाजारात मासे विकून परस्पर तिथेच आली होती. रिकामी पाटी मांडीवर घेऊन बसली होती. ती बसल्या जागेवरून म्हणाली, "मासळी उतरवताना आमी लुगडा वर खोचून पाण्यात उभ्यो रवतो, तेवा कोण काय बोलणा नाय. तेवा तुमका बांगडे ताजे व्हये आसतत!"

प्रिन्सिपॉलसाहेबांना हसू आवरेना. हाफपँट मंजूर झाली.

*

मग रिंगची जाळी फाटली. शालन वडिलांना म्हणाली, "बाबा, जाळा विणून देशात?" काका आधी कुरकुरले, पण जाळं म्हटल्यावर हात स्वस्थ बसतात होय! दुसऱ्या दिवशी नायलॉनची सुरेख जाळी घेऊन स्वतः हजर. शिडीवर चढून बांधलीसुद्धा.

शालनने पहिला शॉट मारला. बॉल आत गेला... आणि आतच राहिला! काकांनी जाळी तळाशी घट्ट बांधून बंद केली होती.

काका खुशीत. "बघलास? धरलो मगे!"

सर म्हणाले, "अहो काका, खालून भोक पाहिजे. बॉल बाहेर पडला पाहिजे."

काका सरांकडे बघतच राहिले. "मास्तरानू, जाळ्याक भोक पडला तर आमी ता घराकडे शिवूक आणतो. आणि तुमी माका मुद्दाम ठेवूक सांगतास?"

शेवटी सुरी घेऊन त्यांनीच तळ कापला. कापताना तोंड असं केलं होतं की आम्हालाच वाईट वाटलं.

*

आमच्याकडे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, मग टीम कशी जाईल? गाऱ्हाणं घालायला काकांचा आवाज होताच. एकाने देवाला सांगायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं.

सेमीफायनल देवगडशी. काकांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरींनी जो काय बॉलाचो खेळ मांडलेलो आसा, तेका येस दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आमचो बॉल बास्केटात पडांदे, आणि समोरच्यांचो बास्केटापर्यंत पोचूक देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

आवाज जरा जास्तच मोठा आला. वळून बघतो तर काय, देवगडची अख्खी टीम हात जोडून उभी! लहानपणापासूनची सवय हो, गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंड आपोआप उघडणारच. त्यांचे सर कपाळावर हात मारून ओरडले, "अगो, तुमी खंयच्या टीमच्यो?"

आम्ही जिंकलो. देवगडवाल्या अजून भेटल्या की म्हणतात, "आमी आमच्याच तोंडान हरलो!"

*

फायनल कुडाळला, कुडाळशीच, ऐन शिमग्याच्या तोंडावर. काका नारळाची पिशवी घेऊन आले, पण गाऱ्हाणं घालेनात. "आज नको. माझा मन बरा नाय." आमचं धाबंच दणाणलं. शालन बुटांच्या नाड्या आवळून मैदानात उतरली. शेवटची मॅच म्हणून खेळली, आणि काय खेळली! काका पहिल्यांदाच अख्खी मॅच बघत होते, नारळाची पिशवी पोटाशी धरून.

आम्ही एका बास्केटने हरलो.

बक्षिसं झाली आणि निवड समितीचे साहेब उभे राहिले. म्हणाले, "शालनला युनिव्हर्सिटीच्या टीमच्या शिबिरासाठी मुंबईला पाठवावं लागेल. तिचे वडील आलेत का?"

शालन मान खाली घालून उभी. मोरे सरांची काकांकडे बघायची हिंमत होईना.

काका उठले. पिशवीतला नारळ काढला, जमिनीवर ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही, कुडाळची टीम, प्रेक्षक, सगळेच!

"आज भिकाजीचा चेडू बॉल खेळूक मुंबैक जाता आसा, तेका हातापायान सुखरूप ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या भिकाजीन शिमग्याचो जो काय शबूद पावण्यांका दिलेलो आसा, तो आज मोडता आसा. ती चूक पदरात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काकांनी वाकून नारळ जरा सरळ केला.

"आणि पावण्यांका खंयचातरी दुसरा बरा चेडू मिळांदे रे म्हाराजा!"

ह्या वेळी सगळ्यात मोठा आवाज शालनचा होता. "व्हय म्हाराजा!!"