नवा चाकू उघडला, पण मिटेचना

मंडळी, आज बसमध्ये जी फजिती झाली, ती सांगितल्याशिवाय माझा राग उतरणार नाही.

माझ्या पर्समध्ये नेहमी एक लहानसा घडीचा चाकू असतो. जुन्याला लॉक नव्हतं. मागे लिंबू कापताना तो आपोआप मिटला आणि माझं बोट कापलं. म्हणून ह्यांनी लॉकवाला नवा आणून दिला.

आज सासूबाईंना घेऊन निंबोल्याहून बुरहानपूरला परत येत होते. त्यांना पेरू खायचा होता. नवा चाकू एका हातानं झटकन उघडला, फोडीही छान झाल्या. पण मिटायला गेले तर पातं हलेना. दाबून पाहिलं, ठोकून पाहिलं. शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली.

कंडक्टर आला. "मॅडम, चाकू अंदर रखो, लोग डर रहे हैं."

"भैया, बंदच होत नाहीये," मी म्हणाले.

"तो फिर उतर जाओ."

भर उन्हात, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना घेऊन मी रस्त्यावर. हातात उघडा चाकू बघून एक ऑटोवाला तर थांबलाच नाही. मग चाकू रुमालात गुंडाळला, तेव्हा कुठे दुसरा थांबला.

घरी ह्यांनी मुठीच्या आतली लॉकची पट्टी अंगठ्यानं सरकवली आणि चाकू मिटला.

"मग देताना सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

सासूबाई गुडघा शेकत बसल्यात आणि मुलाशी बोलत नाहीयेत. मीही नाही.

बोट कापणारा जुना की बसमधून उतरवणारा नवा? तुम्ही पर्समध्ये कोणता ठेवाल?