कंटेनरची ओटी

विनायकभाऊ गेल्याचा फोन कुसुमताईंनी केला. भाऊंच्या लाखनीच्या तांदळाच्या गिरणीत त्या पॅकिंगला आणि मी ऑफिसात, अशी आम्ही काही वर्षं सोबत काढली होती. "मॅडम, भाऊ नाही राहिले. सकाळी गिरणीतच, खुर्चीवर बसल्या बसल्या..." नागपूरच्या नव्या नोकरीत टेबलाशी बसलेल्या मला रडू नाही, आधी रागच आला. एवढ्या हट्टी माणसानं असं मुकाट्यानं जावं?

हट्टी होते म्हणून तर मला तिथं नोकरी मिळाली. आमच्या भागातला सुवासिक तांदूळ दुसऱ्यांच्या नावाच्या थैलीतून परदेशी जातो, हे त्यांना फार लागायचं. एकदा तरी आपल्या गिरणीचं नाव छापलेली थैली समुद्रापार पोचावी, एवढंच त्यांचं मागणं. परवाने, लेबलं, तपासण्या मी बघायच्या आणि माणसं त्यांनी तयार करायची, अशी आमची वाटणी होती. त्यांचं काम जास्त कठीण होतं. गिरणीत सगळे चपला घालून आणि तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून वावरायचे. भाऊंनी पॅकिंगच्या खोलीच्या दाराशी पिवळी रेघ मारली. चपला रेघेबाहेर, डोक्याला टोपी, खिसे दाराजवळच्या ट्रेमध्ये रिकामे. हमाल हसले. "भाऊ, तुमीच दिवसभर खर्रा खाऊन राहिले, आन् आमाले सांगता?" भाऊंनी खिशातली पुडी काढून ट्रेमध्ये टाकली. "आपला पहिला कंटेनर तिकडं उतरला का मंगच हे पुडी फोडतो. तवरीक बंद." त्यानंतर ते इतके चिडचिडे झाले की त्यांनी गुपचूप एखादा खर्रा खावा, असं मलाच वाटायचं.

पण माणसं बदलली. खिडक्यांना जाळ्या बसल्या, चिमण्यांचं येणं बंद झालं, कुसुमताई तर घरी स्वयंपाक करतानाही डोक्याला फडकं बांधू लागल्या. परदेशातल्या एका व्यापाऱ्याची ऑर्डर आली. कंटेनर भरला, किडीसाठी औषधाची धुरी झाली, आणि सील लागण्याआधी भाऊ एकटेच दाराशी गेले. आम्हाला वाटलं, डोळे भरून बघत असतील...

काही आठवड्यांनी तिकडच्या बंदरावरून फोटो आले. दाराजवळच्या थैल्यांच्या फटीत हिरवं खणाचं कापड, त्यात सडलेला नारळ, हळकुंड, फुलं, तुसासकट मूठभर धान, आणि त्यावर वळवळणारे किडे. माल उतरवून घ्यायला तिथल्या अधिकाऱ्यांनी नकार दिला. मी सगळ्यांना अंगणात गोळा करून ओरडत सुटले, हे कोणी ठेवलं म्हणून. हमाल एकमेकांकडे बघत होते.

"मी ठेवलं," भाऊ म्हणाले. "लेकीले ओटी न भरता कोणी पाठवते का, मॅडम?"

कंटेनर परत आला, त्यानंतर त्या व्यापाऱ्यानं फोन उचलला नाही आणि दुसरा कोणी मिळाला नाही. पुन्हा प्रयत्न करू, असं मी म्हटलं की ते स्वतःचे तळहात बघायचे. "आता आपल्या हातचं कोण घेते?" पुढे ऑफिसात मला काम उरलं नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही.

तेरवी झाल्यावर कुसुमताईंसोबत गिरणीत गेले. मशिनी विकायला काढल्या आहेत. रेघ मधोमध पुसट झाली आहे, तरी आम्ही दोघींनी चपला बाहेर काढल्या, टोप्या घातल्या. आत एक दाणा नव्हता. ट्रेमध्ये ती पुडी मात्र तशीच होती, प्लास्टिकच्या पन्नीतला खर्रा काळा पडून दगड झालेला. मी ती हातात घेतली.

"सरनावर ठेवू म्हनत होते हमाल," कुसुमताई म्हणाल्या. "मीच ठेवू नाही देलं."

"काहून?"

"कंटेनर कुठं उतरला, मॅडम?"

मी पुडी होती तिथेच ठेवली.