बांबूची बॅटरी

कोणतीही नवी वस्तू हातात आली की मावशी आधी ती उलटी करायच्या. पातेलं असो, चप्पल असो, नाहीतर कुणाच्या घरी आलेला नवा मिक्सर असो. उलटी करायची, बोटाच्या पेरानं ठोकायची आणि म्हणायचं, "बूड बगू आदी. वरून सगळंच चांगलं असतं." माझं कॉलेजचं ओळखपत्रसुद्धा त्यांनी असंच उलटं करून पाहिलं होतं. मागे "सापडल्यास कॉलेजात जमा करावे" एवढंच लिहिलेलं होतं. त्यांनी ते मला वाचायला लावलं, ऐकलं आणि मान हलवली. माझ्याविषयी त्यांना जे कळायचं ते बहुतेक तेव्हाच कळलं असावं.

मावशी म्हणजे कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका वाडीतल्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई. त्यांना नाव होतं, हजेरीच्या कागदावर ते लिहिलेलंही असायचं, पण वाडीत ते कुणी वापरत नसे. चौथीपर्यंतची शाळा, एक गुरुजी आणि मावशी. मे महिन्यात गुरुजी गावी जात आणि शाळेची चावी मावशींच्या कमरेला असे.

मी तिथे कशी पोचले ते सांगायला हवं. मी पोशीर गावची. भातशेती करणाऱ्या घरातली, कॉलेजात गेलेली पहिलीच. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. घरच्यांना वाटायचं, मी आता पूल बांधीन. खरं सांगायचं तर कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये कानशीची कामं करायची मुलं आणि आम्ही मुली त्यांच्या सुबक आकृत्या काढायचो. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की घट्ट होतो, हे मला परीक्षेत आठवायचं, हातात स्क्रू आला की आठवायचं नाही.

अशा मला एका संस्थेनं उन्हाळी वर्गासाठी निवडलं. सुट्टीत मुलांचं शिकणं तुटू नये म्हणून त्यांनी खेळण्यासारखे इंजिनीअरिंगचे संच तयार केले होते. सहा पेट्या. प्रत्येकीत छोटी मोटर, बॅटऱ्या, दातेरी चाकं, कप्प्या, वायरी, नटबोल्ट, पिवळ्या पंख्याची पाती. प्रत्येक तुकड्यासाठी फोममध्ये त्याच्याच आकाराची खाच आणि झाकणाला चिकटवलेली छापील यादी. अट एकच. महिन्याच्या शेवटी पेट्या पूर्ण परत यायला हव्यात, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात संच दुसऱ्या गावाला जातील. मी सही केली. आमच्या घरात एवढ्या वस्तूंसाठी याआधी कुणी सही केली नव्हती. मी ती वळणदार केली.

पहिल्या दिवशी एकोणीस मुलं बसली होती. मी पेटी उघडून टेबलावर ठेवली, फळ्यावर "यंत्र म्हणजे काय?" असं लिहायला वळले. मागे मावशींनी पेटी उचलली.

तुम्ही ओळखलंच असेल. त्यांनी बूड बघितलं.

सगळा माल शहाबादी फरशीवर पसरला. बोल्ट दप्तरांखाली गेले, एक चाक गडगडत उंबरा ओलांडून अंगणात. मुलं खूश. मला रडू यायचं बाकी होतं.

"बूड धड हाय," मावशी म्हणाल्या. "झाकणच नीट लावलं नव्हतं तू."

"मावशी, झाकण उघडंच होतं. मी शिकवत होते."

"मंग मला सांगायचं ना बाय."

त्या दिवसानं मी घाबरले. दुसऱ्या दिवसापासून पाच पेट्या कपाटात आणि एकच पेटी बाहेर. तीही माझ्या हातात. मुलांनी तीन फुटांवरून बघायचं. मी चाकाला चाक जोडून दाखवी, मुलं "ओ" म्हणत, मी चाक परत खाचेत ठेवी. वर्ग सुटताना मी दारात उभी राहून मुलांचे खिसे तपासायचे. हे लिहिताना आजही बरं वाटत नाही. खिशांत करवंदं सापडली, चिंचोके सापडले, एकदा खेकड्याची नांगी सापडली आणि तिनं माझं बोट धरलं, कारण ती पूर्ण मेलेली नव्हती. बोल्ट एकदाही सापडला नाही.

एकोणिसाची तेरा मुलं झाली, मग सात. मावशी रोज कुलूप उघडून पायरीवर बसत आणि येणाऱ्या वाटेकडे बघत. पाचव्या दिवशी त्या आत आल्या.

"काय गं, किती दिवस चालायचं हे तुझं?"

"महिनाभर."

"पोरं चार दिवसांत संपतील. मी पातेलं दाखवून पोरं घरी पाठवते का? वास घ्या आन जा?"

"पण मावशी, तुकडा हरवला तर पुढच्या वर्षी पेट्या येणार नाहीत."

"आन पेट्या भरलेल्याच परत गेल्या तर यंदा तरी आल्या कुठं?" त्या म्हणाल्या. "भरलेलं पातेलं घरी न्यायचं असतं, तर मी शिजवलंच नसतं."

मी यादीकडे बघत राहिले. तेव्हा त्या शेजारी बसल्या आणि पहिल्यांदा त्यांच्या मुलाबद्दल बोलल्या. तो याच शाळेत होता. चौथीच्या सुट्टीत बापाबरोबर खालापूरच्या बाजूला वीटभट्टीवर गेला. महिनाभरासाठी. "जूनला मी दप्तर धुऊन ठेवलं," मावशी म्हणाल्या, "तो आलाच नाय. हुशार होता असं बी नाय. पन आला असता. मे महिन्यात शाळा बंद असते, पोरांना दुसरी वाट सापडते. म्हनून म्हनते, दार उघडं पायजे. तुझ्या पेट्या येवोत पुढच्या साली बी, पन आदी यंदा पोरं थांबव."

मी कपाट उघडलं. सहाही पेट्या.

त्यानंतर काय काय झालं ते यादीत लिहिता येण्यासारखं नव्हतं. मुलं परत आली, एकोणिसाची तेवीस झाली. कप्पीवरून दप्तरं छताला टांगली गेली. मोटरनं भोवरा फिरवला गेला. चौथीतल्या रेश्मानं मला विचारलं, "ताई, तार उलटी जोडली की पंखा उलटा का फिरतो?" मला उत्तर पाठ होतं, पण तो खरंच उलटा फिरतो हे मी तिच्याबरोबरच पहिल्यांदा पाहिलं. स्क्रू कुठल्या बाजूला घट्ट होतो, तेही मला दुसरीतल्या एका मुलीनं दाखवलं. माझी कुणाला कीव आली नाही. सगळ्यांना वाटलं, मी परीक्षा घेतेय.

मग मला एक कल्पना सुचली. मावशी शाळेमागच्या चुलीवर चहा करायच्या आणि फुंकणीनं फुंकून त्यांचे डोळे लाल व्हायचे. मी मुलांना म्हटलं, आपण मावशींच्या चुलीला पंखा लावू. समाजोपयोगी प्रकल्प. वहीत तसं शीर्षकही लिहिलं. मोटर विटेवर बांधली, पिवळी पाती बसवली आणि सगळं चुलीच्या तोंडाशी ठेवलं. पंखा फिरला. जाळ भडकला. आणि पाती हळूहळू वाकून, लांब होऊन, पिवळ्या लाळेसारखी राखेत गळाली.

प्लॅस्टिक आगीजवळ वितळतं, हे इंजिनीअरिंगच्या कोणत्या वर्षाला शिकवतात ते मला माहीत नाही. मावशी अंगठाछाप होत्या, पण त्यांना माहीत होतं.

"मला वाटलं, तुझ्या कॉलेजातलं वेगळं असंल," त्या म्हणाल्या. "म्हनून बोलले नाय."

नवा पंखा रेश्मानं केला. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाती, आणि पंखा चुलीपासून लांब, फुंकणीच्या मागच्या तोंडाशी. वारा नळीतून जाळापर्यंत जायचा. फार नाही, पण जायचा. मावशींनी तो उलटा करून पाहिला, ठोकला, आणि महिना संपेपर्यंत वापरला. बाहेरून कुणी आलं की म्हणायच्या, "पोरींनी केलाय." मग माझ्याकडे बघून, "हिचा वितळला."

महिना संपत आला तशी मी यादी काढून खाचा मोजू लागले. पात्यांचे दोन संच गेले होते. बॅटऱ्या संपल्या होत्या आणि काही ओढ्यात पडल्या होत्या. बोल्ट, रबर, एक-दोन चाकं, कुठे गेली कुणालाच सांगता येईना. शेवटच्या दिवशी संस्थेच्या ताई गाडी घेऊन येणार होत्या. आदल्या दिवशी मी मावशींना म्हटलं, "रिकाम्या खाचा बघितल्या की त्या पुढच्या वर्षी इथे संच देणार नाहीत."

मावशींनी विचारलं, "खाच रिकामी नसली तर?"

"मग काय प्रश्नच नाही," मी म्हटलं आणि घरी गेले. माझी चूक मोजायची तर इथून.

ताई आल्या. चांगल्या होत्या, थकलेल्या होत्या, अजून चार वाड्या करायच्या होत्या. मावशी, रेश्मा आणि सगळी मुलं भिंतीला टेकून ओळीत उभी. ताईंनी पहिली पेटी उघडली. एकही खाच रिकामी नव्हती. मी सुटकेचा श्वास घेतला आणि मग जवळून पाहिलं.

बोल्टांच्या जागी बाभळीचे काटे होते, सारख्या लांबीचे कापलेले. रबरांच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या चकत्या. चाकांच्या जागी बाटल्यांची बुचं, मधोमध भोक पाडलेली. पात्यांच्या जागी पत्र्याची पाती, कडा घासून बोथट केलेल्या. आणि बॅटऱ्यांच्या जागी बांबूच्या कांड्या, अगदी खाचेत घट्ट बसतील अशा. प्रत्येक कांडीच्या एका टोकाला कोळशानं अधिकचं चिन्ह काढलेलं, दुसऱ्या टोकाला वजाचं. सगळ्यांची तोंडं बरोबर दिशेला होती.

ताईंनी एक कांडी उचलली. "ही बॅटरी चालते?"

"नाय," रेश्मा म्हणाली. "ही चालायची नाय. ही यादीसाठी हाय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. "हे कुणी करायला सांगितलं?"

आता मी काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळत होतं. मी म्हणायला हवं होतं की तुकडे माझ्या हातून गेलेत, पंखा मी वितळवला, सही माझी आहे. मी म्हणाले, "मुलांनी केलंय. मला माहीत नव्हतं." आवाज इतका बारीक निघाला की मला वाटलं, कुणी ऐकलं नसेल.

"मी सांगितलं," मावशी पुढे येऊन म्हणाल्या. "पोरांचं काय नाय त्यात. जेवढं खाल्लं तेवढं परत भरून ठेवलं. आमच्यात भांडं रिकामं परत देत नाय कुनी."

ते खरं होतं. वाडीत शेजारणीची वाटी परत देताना तिच्यात चिमूटभर का होईना काहीतरी घालून देतात. आमच्या पोशीरलाही देतात. मी सही केली तेव्हा मला ते आठवलं नव्हतं.

ताईंनी सगळ्या पेट्या उघडून पाहिल्या. त्यांनी बांबूच्या बॅटरीचा फोटो काढला, पत्र्याच्या पात्याचा काढला. मग यादीवर खुणा करायला लागल्या. "मला हे फार आवडलं," त्या हळूच मला म्हणाल्या, "पण फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही." प्रत्येक पेटीवर "अपूर्ण" असं लिहिलं गेलं. गाडी गेल्यावर मी मावशींना सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "घाबरलीस ना? मी बी घाबरले होते. माझं वय झालं म्हनून कळून येत नाय."

जूनमध्ये तेवीसच्या तेवीस मुलं शाळेत गेली, चौथी झालेली खालच्या गावातल्या शाळेत, असं गुरुजींनी फोनवर सांगितलं. संच मात्र पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या तालुक्यात गेले.

त्या मे महिन्यात मी एकटीच वाडीवर गेले. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या भंगारातून मागून आणलेल्या जुन्या मोटरी, वायरी आणि पुली पिशवीत होत्या. कुठलीच यादी नव्हती. मावशींना जे आदल्या वर्षी म्हणायचं राहिलं होतं, ते बसमध्ये दोनदा म्हणून बघितलं होतं. शाळा उघडी होती. रेश्मा, आता खालच्या गावात पाचवीला जाणारी, लहान मुलांना घेऊन बसली होती. चावी तिच्या गळ्यात.

"मावशी कुठेत गं?"

"भट्टीवर गेल्या. पोराच्या पोरीला आनायला. सहाची झाली ती. पोरगा नाय म्हनत होता, मावशी बोलल्या, बगते कसा नाय म्हनतो."

मी दिवसभर मुलांबरोबर वायरी सोलत बसले आणि वाटेकडे बघत राहिले. चारच्या टेंपोनं परत निघाले. त्यानंतर कॉलेजचं शेवटचं वर्ष, परीक्षा, मग नोकरीसाठी मुलाखती, आणि माझं जाणं राहिलं ते राहिलंच. दिवाळीनंतर एकदा गुरुजींचा फोन आला. मावशी तापाचं निमित्त होऊन गेल्या होत्या.

पण त्या दिवशी टेंपोतून मला त्या दिसल्या होत्या. रस्ता वळतो तिथे. डोक्यावर गाठोडं, एका हातात पत्र्याची छोटी पेटी आणि दुसऱ्या हातानं एक मुलगी धरलेली. मुलीच्या पायांना गुडघ्यापर्यंत विटांचा लाल रंग होता. ती दमून खाली बसत होती आणि मावशी तिला उठवत होत्या. मी ड्रायव्हरला थांब म्हटलं. तो म्हणाला, उतारावर नाही थांबवता येत. मी हाक मारायला मान बाहेर काढली, पण मावशींनी तेवढ्यात पेटी खाली ठेवली, मुलीला कडेवर घेतलं आणि झाडांच्या वर दिसणारं शाळेचं छप्पर तिला बोटानं दाखवू लागल्या. मुलीला ते सापडत नव्हतं. मावशी तिची हनुवटी धरून तिचं तोंड हळूहळू त्या बाजूला वळवत होत्या.