सरपंचाचं ऊन

आधी शपथ घ्या, कुणी हसायचं न्हाय. आन् चहा तोंडात आसंल तर गिळून घ्या, माझ्या अंगावर उडवू नका. अख्ख्या गल्लीला उल्लू बनवणारा मी. आन् मला कुणी बनवलं? ऐकाच.

आमच्या शेजारी पद्माक्का राहते. खाली त्यांचे चादरीचे माग, वर घर. तिच्याकडं बिअर्डेड ड्रॅगन हाय, रीतसर सरकारी नोंद केलेला. म्हंजे सरडाच की, पण ऑस्ट्रेलियातला, हातभर लांब, गळ्याला काटेरी दाढी. काय बी बोला, मान वरखाली करून व्हय म्हणतो आन् काम काडीचं करत न्हाय. म्हणून नाव पडलं सरपंच!

अक्काचं डोकं म्हंजे काय सांगू! दहावीचं विज्ञान मला दोन वर्षात कळलं न्हाय, ते तिनं एका दुपारी कळवलं.

"ऊब देणारा दिवा वेगळा, यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांचा, वेगळा. यूव्हीबी नसली तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही रे, हाडं मऊ पडतात. जांभळा दिसतो म्हणून भुलायचं नाही. छोटा गोल बल्ब पण नको. वाळवंटी प्राण्याची लांब ट्यूब, तो बसतो त्या दगडापासून दीड फुटाच्या आत."

बाई न्हाय, विद्यापीठ हाय!

तर अक्का निघाली महिनाभर हैदराबादला, बहिणीच्या बाळंतपणाला. म्हणाली, "पप्या, सरपंच तुझ्याकडं."

"माझ्याकडं? तुझ्या डब्यात रबरी पाल कुणी ठेवली होती, माहीत हाय ना?"

"म्हणूनच. गल्लीत पालीला न भिणारा तू एकटाच. ट्यूब जुनी झालीय, नवी आणून लाव. जमेल ना?"

आमची आई मला गॅसवरच्या दुधाशेजारी पण उभा करत न्हाय, आन् हिनं जिता जीव हातात दिला. ठरवलं, ह्या वेळी शेण खायचं न्हाय.

गेलो माशांच्या टाकीवाल्या चाचाकडं. त्यानं मुद्दाम जांभळा दिवा पुढं केला. मी म्हटलं, "न्हाय. वाळवंटी. लांब ट्यूब."

"वा रे बाबू! पढेला दिखता तू तो!"

जन्मात कुणी असं म्हटलं नव्हतं! खूश होऊन चाचानं वर एक कार्ड दिलं. यूव्हीबी पडली की पांढऱ्याचं जांभळं होतं.

सरपंचाच्या काचेच्या टाकीवर जाळीचं झाकण, झाकणावर ट्यूब बसवली. पण आमच्या गल्लीत मागाचा कापूस उडतो, जिकडं तिकडं तंतूच तंतू. तो सरपंचाच्या नाकात जाईल की! मग जाळीवर ट्यूबच्या खाली आईच्या टेबलाचं जाड पारदर्शक प्लॅस्टिक अंथरलं. आमच्यात रीतच हाय ती. रिमोट पिशवीत, सोफा कव्हरात, टीव्हीची फिल्म आजून निघालेली न्हाय. नव्या वस्तूचं प्लॅस्टिक काढलं तर आई घरातनं काढते!

बारीकशी गोष्ट हाय, सोडा. पुढं ऐका.

पंधरा दिवसात सरपंच बसला की! दगडावर चढंना, पाला खाईना. मान तर हलवंचना. कार्ड टाकीत धरलं, पांढरं फट्ट!

ट्यूब उतरवली, सायकल काढली, थेट दुकान.

"चाचा, डुप्लिकेट माल देता व्हय?"

"कायको चिल्लाता रे?" चाचानं ट्यूब लावली, खाली कार्ड धरलं. जांभळं!

घरी आणली. टाकीत कार्ड. पांढरं!

परत दुकान. ह्या वेळी गिऱ्हाइकं होती, मी आजून मोठ्यानं ओरडलो. चाचानं कार्ड धरलं. जांभळं! गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. ट्यूब दुकानात शहाण्यासारखी वागती आन् घरी आली की नाटकं. माझीच सख्खी बहीण!

घरी येऊन ट्यूब परत बसवली, तेवढ्यात अक्काचा व्हिडिओ कॉल. "दाखव माझा राजा."

आता? मी एका हातानं मोबाईल धरला, दुसऱ्या हातानं हळूच सरपंचाखालची फांदी हलवली. मान हलली!

"पप्या, फांदी सोड."

"कुठली फांदी?"

"सरपंच आडवी मान हलवत नाही."

संपलं! मी रडायलाच लागलो. कार्ड, चाचा, पाला, सगळं ओकलो. अक्का म्हणाली, "वर कॅमेरा कर. ते काय चमकतंय?"

"प्लॅस्टिक. कापूस पडू नये म्हणून."

अक्का अशी हसली, अशी हसली, की तिकडं नवजात पोरगं उठलं.

"अय्यो देवा! अरे, त्यातनं उजेड येतो, यूव्हीबी येत नाही. तू त्याला छत्री धरून उन्हात बसवलंयस!"

शिवी न्हाय, ओरडा न्हाय. सांगितलं एवढंच, "काढ ते. रोज सकाळी थोडा वेळ गच्चीवर घेऊन बस, आपल्या सोलापूरचं ऊन फुकट आहे. आणि चाचाची माफी माग." अशा माणसाला काय म्हणावं?

मागितली माफी. चाचा म्हणाला, "बाबू, पढेला बोला मैं, वो वापस लेता."

पण आठ दिवसांनी सरपंच दगडावर चढला, दाढी फुगवली आन् मान हलवली. उभी! मी गल्लीभर नाचलो.

अक्का आली. सरपंचाला उलटापालटा करून बघितलं आन् मला बक्षीस म्हणून काळा गॉगल दिला. मी तीन दिवस तो घालून हिंडलो. दोनदा खांबाला धडकलो. चौथ्या दिवशी अक्काला म्हटलं, "गॉगल भारी हाय, पण ह्या आठवड्यात सोलापुरात धुकं लई पडलंय."

"मे महिन्यात?"

अक्का जवळ आली. नखानं गॉगलच्या काचेवरची प्लॅस्टिकची फिल्म टर्रकन सोलली. एक डोळा. मग दुसरा.

लख्ख ऊन!

"पप्या," अक्का म्हणाली, "तुझ्या डोक्यावरचं पण असंच राहिलंय का रे?"

टाकीत बघितलं तर सरपंच मान हलवत होता. उभी.